पहिल्यांदाच नाशकात? गंगेच्या दोन्ही काठांनी पायी फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर जुन्या नाशकात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पाहुणे आले की संध्याकाळी "चला, गंगेवर जाऊन येऊ" हे ठरलेलं, आणि वाटेत त्यांनी विचारायचे प्रश्नही ठरलेले. बहुतेक जण आधी एकदा येऊन गेलेले असतात, पण रिक्षातून. दोन तासांत सात देवळं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, की झालं नाशिक. हे प्रश्न आणि उत्तरं त्यांच्यासाठी आहेत, आणि जे अजून आलेलेच नाहीत त्यांच्यासाठीही.

"गंगेवर" म्हणजे कुठे? नाशकात तर गोदावरी आहे ना?

गोदावरीच. पण नाशिककर तिला गंगाच म्हणतो. "गंगेला पूर आलाय", "गंगेवर भाजी स्वस्त मिळते", "बाबा गंगेवर गेलेत" असंच कानावर पडेल. गोदावरी हा शब्द वर्तमानपत्रात, भाषणात आणि शाळेच्या पुस्तकात. पत्ता विचारताना "गंगाघाट कुठे?" असं विचारलंत तर माणूस हातातलं काम सोडून नीट सांगेल.

नदी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि साधारण तीस किलोमीटर अंतर काटून शहरात येते, म्हणजे अजून लेकुरवाळी झालेली नाही. राजमहेंद्रीला गोदावरी पाहिलेल्या माणसाला इथला प्रवाह ओढ्यासारखा वाटतो. पश्चिमेकडून आलेली नदी रामकुंडाशी दक्षिणेकडे वळते. त्या वळणाच्या एका काठाला पंचवटी, दुसऱ्या काठाला जुनं नाशिक.

पायी फिरायचं तर सुरुवात कुठून करू?

रविवार कारंजावरून. बहुतेक लोक थेट रामकुंडावर उतरतात आणि तिथूनच परत जातात. मग शहराचा निम्मा भाग बघायचाच राहतो.

रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीला हात जोडा आणि उताराने नदीकडे निघा. पुलाच्या तोंडाशीच सुंदरनारायण मंदिर आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ मध्ये बांधलं. मग अहिल्याबाई होळकर पुलावरून पलीकडे जा. हा इंग्रजी अमदानीतला जुना व्हिक्टोरिया पूल. वाहनांचा जाच आहे, पण मध्यावर थांबून उजवीकडे पाहिलंत की सगळा घाट एका नजरेत येतो: कुंडं, छोटे पूल, दोन्ही काठांवर चढत गेलेली घरं. नकाशापेक्षा ही एक नजर जास्त कामाची.

पलीकडे मालेगाव स्टँडपासून खाली उतरलं की रामकुंड. वर पायऱ्या चढून कपालेश्वर. तिथून सरदार चौकातून काळाराम मंदिर, पुढे सीता गुंफा, मग वळून पुन्हा काठावर नारोशंकराचं मंदिर. आणि इथे रिक्षा न करता रामसेतू पुलावरून भांडीबाजाराच्या बाजूला या. भांडीबाजार, सरकारवाडा, सराफ बाजार, दहीपूल, तांबट आळी, भद्रकाली, आणि मेन रोडने पुन्हा जिथून निघालो तिथे. रामसेतू पूल बंद असेल (पुरात तो बरेचदा पाण्याखाली जातो) तर खालच्या अंगाचा गाडगे महाराज पूल घ्या.

किती चालणं होतं? आईवडील बरोबर आहेत.

अंतर चार-पाच किलोमीटर, म्हणजे फार नाही. दमवतात त्या पायऱ्या. जुनं गाव टेकाडांवर वसलेलं, नदी खोलात, त्यामुळे प्रत्येक गल्ली एकतर चढते नाहीतर उतरते. गुडघे दुखणारं कोणी असेल तर दोन भाग करा: सकाळी पंचवटी, दुपारी घरी आराम, संध्याकाळी जुनं नाशिक. आणि कपालेश्वर, सीता गुंफा यांपैकी एकच निवडायला सांगा.

सकाळी यावं की संध्याकाळी?

दोन्ही वेळा नाशिक वेगळं असतं. सकाळी सहाला रामकुंडावर स्नानं चाललेली असतात, ओले पंचे, ताम्हनांचा आवाज, थंडीत पाण्यावरून उठणारी वाफ. संध्याकाळी आरती, द्रोणातले दिवे, भेळ आणि पोरांचा दंगा. पण तांबटांच्या हातोड्या ऐकायच्या असतील तर कामाच्या वेळी, म्हणजे अकराच्या पुढे त्या आळीत असायला हवं.

महिन्यांपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नाशिकची थंडी मुंबईकरांना चेष्टा वाटते आणि मग पहाटे घाटावर ते दात वाजवत उभे असतात, स्वेटर आणा. एप्रिल-मेमध्ये दगडी घाट इतका तापतो की अनवाणी पायाने देवळातून बाहेर पडणं म्हणजे उड्या मारत जाणं. तरीही मे महिन्यात आलातच, तर संध्याकाळी देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर जा. तिथे नदीकाठी उघड्यावर वसंत व्याख्यानमाला चालते. आमच्या तीन पिढ्यांनी तिथे बसून व्याख्यानं ऐकलीत आणि घरी येताना वक्त्याची पिसं काढलीत.

देवमामलेदार? हा काय प्रकार आहे?

यशवंत महादेव भोसेकर, बागलाण भागातल्या सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असं सांगतात. पुढे चौकशीला माणूस आला तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, ही त्या गोष्टीची शेवटची ओळ, ती तुम्ही मानाल तशी. १८८७ मध्ये ते नाशकात वारले आणि नदीकाठी त्यांचं मंदिर झालं. महसूल खात्यातल्या माणसाला लोकांनी देव केल्याची उदाहरणं फारशी नसावीत, म्हणून आम्ही जरा मिरवतो.

रेल्वेने येतोय. स्टेशनवरून चालत जाता येईल का?

नाही. नाशिक रोड स्टेशन जुन्या गावापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. बाहेर पडून निमाणीची सिटीबस धरा, ती पंचवटीत सोडते. एस.टी.ने आलात तर सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, रविवार कारंजापर्यंत चालत येता येतं, पंधरा-वीस मिनिटं लागतात.

गाडी कुठे लावू?

घाटापासून जितकी लांब लावाल तितकी चांगली. उन्हाळ्यात काठावरची मोकळी जागा मोहात पाडते. पावसाळ्यात मात्र तिथे गाडी लावून देवदर्शनाला जाऊ नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. माझ्या आतेभावाने एका ऑगस्टमध्ये "दहा मिनिटांत येतो" म्हणून दुचाकी घाटावर लावली. ती दोन दिवसांनी गाळात सापडली, आरसे शाबूत, बाकी सगळं गेलेलं.

रामकुंडावर नेमकं काय बघायचं? मला तर नुसती गर्दी दिसली.

ते कुंड म्हणजे नदीच्या पात्रातच बांधून काढलेला हौद आहे. १६९६ मध्ये चित्रराव खटरकर यांनी बांधला आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई यांनी दुरुस्त केला. त्याच्या खाली ओळीने लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड अशी कुंडं आहेत. इथे टाकलेल्या अस्थी पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून देशभरातून लोक अस्थिकलश घेऊन येतात. गांधीजींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. जवळच्या तलावाला त्यांचंच नाव आहे आणि तिथे आता पोरं होड्यांतून फिरतात.

म्हणून एक विनंती. ज्याला तुम्ही गर्दी म्हणता, त्यातल्या बऱ्याच लोकांच्या घरात दहा दिवसांपूर्वी माणूस गेलेलं असतं. मुंडन चाललंय, पिंड मांडलेत, कोणी पायरीवर नुसतंच बसलंय. कॅमेरा घाटाकडे धरा, माणसांच्या चेहऱ्याकडे नको. दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा चपला नीट घट्ट बसणाऱ्या घाला.

काठावर एक गुरुजी "गाव कुठलं, आडनाव काय?" विचारत मागे लागले. काय करू?

पूजा करायची नसेल तर "नमस्कार गुरुजी, आज नुसतं फिरायला आलोय" असं सरळ सांगा आणि पुढे चला. पण उत्तर देण्याआधी घटकाभर थांबा असं मी म्हणेन. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावांनुसार आणि घराण्यांनुसार जुन्या वह्या असतात. तुमच्या खापरपणजोबांनी नाशकात येऊन श्राद्ध केलं असेल, तर त्यांचं नाव, मुलांची नावं आणि कधीकधी मोडी सही तिथे असते. ज्या घरात वंशावळ कोणाला तीन पिढ्यांपलीकडे सांगता येत नाही, त्या घरातली माणसं ती वही बघून गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

हे बघायचं असेल तर मूळ गाव माहीत हवं. "आम्ही ठाण्याचे" म्हणून भागत नाही, त्याआधी कुठले ते आजीला विचारून या. वही काढून दाखवली तर दक्षिणा द्या. किती ते आधीच बोलून घेतलेलं बरं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कपालेश्वरात नंदी का दिसत नाही?

नाहीच, म्हणून दिसत नाही. ब्रह्महत्येचं पातक धुवायला शंकराला रामकुंडाचा रस्ता नंदीने दाखवला, म्हणून तो गुरू झाला आणि गुरूला समोर बसवायचं कसं, अशी कथा.

"नारोशंकराची घंटा" ही म्हण आहे की खरी घंटा?

दोन्ही. घरात कोणी अखंड मोठ्याने बोलत असेल तर त्याला आम्ही नारोशंकराची घंटा म्हणतो. (आमच्याकडे हा मान एका आत्याकडे होता.) खरी घंटा काठावरच्या रामेश्वर मंदिराच्या तटावर टांगलेली आहे. मंदिर १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि गावोगावच्या देवळांत लावल्या, त्यातली ही एक. वसईच्या चर्चमधली घंटा गोदावरीकाठी शंकराच्या देवळावर, हा प्रवासच मोठा आहे. देवळात शिरण्याआधी बाहेरून शिखराकडे नीट बघा. कोरीव काम इतकं दाट आहे की पाच मिनिटांनी तुम्हाला त्यात माकडं, मोर आणि माणसं वेगळी दिसायला लागतात.

काळाराम मंदिरात रांग मोठी असते. थांबावं का?

थांबा. आणि रांगेत उभं असताना दरवाजाकडे बघा.

मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलं. काळा दगड, भोवती उंच कोट, आत मोठं आवार. मूर्ती काळ्या, म्हणून काळाराम. (जवळच गोराराम मंदिरही आहे, तिथे संगमरवरी मूर्ती आहेत आणि रांग अजिबात नसते.) पण या देवळाचा खरा इतिहास गाभाऱ्याइतकाच त्या दरवाजात आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रह सुरू केला. हजारो लोक आले, दरवाजे बंद केले गेले. दादासाहेब गायकवाड आणि इतर कार्यकर्त्यांनी तो लढा सुमारे पाच वर्षं चालवला. दार त्या लढ्यात उघडलं नाही. पुढे बाबासाहेबांनी १९३५ मध्ये, इथून जवळच येवल्याला, "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली.

पंचवटी दर्शन करवणारे बरेच जण हे सांगत नाहीत. शूर्पणखेचं नाक कुठे कापलं ते मात्र हमखास सांगतात. म्हणून इथे लिहिलं.

रथयात्रेच्या दिवशी आलो तर फिरता येईल?

चैत्रातल्या कामदा एकादशीला, म्हणजे रामनवमीनंतर दोन दिवसांनी, रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या दिवशी फिरणं विसरा आणि एका ठिकाणी उभे राहा. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ पलीकडे गावात फिरून येतो आणि मग दोघांची भेट होते. रथापुढे मानकरी बुवा देवाकडे तोंड करून, पाठमोरे, उलट्या पावलांनी चालत राहतात. आपण चार किलोमीटर सरळ चालून पाय दुखतात म्हणून कुरकुरत असतो.

पंचवटीत खरंच पाच वड आहेत का?

आहेत, सीता गुंफेच्या आसपास, आणि प्रत्येकावर क्रमांकही घातलेला आहे. रामाच्या काळचे ते नसणार हे तुम्हालाही कळतं. मुलांना मोजायला लावा, तेवढ्यात तुमचा रांगेचा वेळ जातो. गुंफेत मात्र वाकून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी बाहेरच थांबावं.

नदीत उभा असलेला तो मोठा मारुती कोणता? त्याच्या पाठीलाही तोंड आहे!

दुतोंड्या मारुती. आमचं पूर मोजायचं साधन. धरणातून किती क्युसेक विसर्ग झाला ते रेडिओ सांगतो, पण घराघरांत विचारतात ते वेगळंच: "मारुतीला कुठपर्यंत लागलंय?" गुडघ्याला लागलं म्हणजे पाऊस बरा आहे. कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. छातीला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासा झाला होता. १९६९ चा पूर पाहिलेली म्हातारी माणसं मात्र तेव्हाही "हे काहीच नाही" म्हणत होती.

सराफ बाजारात पाणी शिरतं त्याचं कारण नुसती नदी नव्हे. गावाच्या पोटातून सरस्वती नाला वाहतो, आता तो झाकलेला आहे. नदी फुगली की त्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि उलटं दहीपुलावर, बाजारात चढतं. दहीपूल नावाचा पूल तुम्हाला पूल म्हणून कुठे दिसणार नाही, त्याचं उत्तर या नाल्यात आहे.

पावसाळ्यात पूर पाहायला यायचं असेल तर होळकर पुलावरून किंवा वरच्या गल्लीतून बघा. पोलीस हुसकावतात तेव्हा वाद घालू नका.

पलीकडच्या काठावर असं काय आहे? तिथे तर नुसता बाजार दिसतो.

बाजारच आहे, आणि तोच बघायचा. पंचवटी यात्रेकरूंसाठी जागी असते, जुनं नाशिक स्वतःसाठी. "नाशिक नव टेकांवर वसविले" असं पूर्वापार म्हणतात. डिंगर आळी, म्हसरूळ टेक अशा नावांत ती टेकं अजून शिल्लक आहेत आणि चालताना पोटऱ्यांना कळतात. शहराचं नाव नासिका म्हणजे नाकावरून आलं की नवशिखांवरून, यावर तुम्ही कुठल्याही पारावर भांडण लावून देऊ शकता. मुसलमानी अमलात गावाला गुलशनाबाद म्हणत. पण पांडवलेण्यांतल्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखातही नासिकचे रहिवासी असा उल्लेख आहे, म्हणजे नाव जुनंच. गाव किती जुनं, ते १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नदीकाठची मातीची गढी खणून दाखवलं. गढीच्या कडेला मात्र जाऊ नका. दर पावसाळ्यात तो भाग ढासळतो आणि तिथे राहणाऱ्यांना घरं सोडावी लागतात.

भांडीबाजारात शिरलात की पितळ, तांबं, कासं. समया, बंब, घंगाळी, वजनावर विकली जाणारी. आता स्टील आणि ॲल्युमिनियमही तितकंच आहे, पण जुनं तांब्याचं भांडं द्यायला-घ्यायला लोक अजून इथेच येतात. तांबट आळीत पूर्वी घराघरातून ठोके ऐकू येत. आता ते विरळ झालेत. एखाद्या दारात बसलेले तांबट दिसले तर उभं राहून बघा, विचारा, मग सांगतात: हंड्याची मठार (हातोडीच्या ठोक्यांचे ठसे) कशी मारायची, ठोका चुकला की पत्रा कसा चिरतो. निदान एखादं फुलपात्र विकत घ्या. नुसते फोटो काढून जाणाऱ्यांचा त्यांना वीट आलाय आणि तो रास्त आहे.

सराफ बाजारात उंच दगडी जोत्यावर सरकारवाडा आहे, पेशवेकाळातला. आता तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे. लाकडी खांबांसाठी आत जा, आणि उन्हात आला असाल तर त्या गारव्यासाठी. आसपासचे खाजगी वाडे बाहेरूनच बघा. बरेच पडायला आलेले आहेत, महापालिका दर पावसाळ्याआधी नोटिसा लावते, आणि ज्यांत कोणी राहतंय त्यांच्या चौकात न विचारता डोकावणं बरं नाही. विचारलंत तर कदाचित चहाही मिळेल.

भद्रकालीच्या मंदिराला शिखर नाही, म्हणून ते वाड्यासारखं वाटतं आणि बरेच लोक पुढे निघून जातात. विजयानंद नाट्यगृह याच जुन्या गावात: २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'संगीत शारदा'चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ती ही जागा. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेचं मंदिर आहे. पुस्तकांचे वेडे असाल तर थोडं आणखी चालून टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० चं आहे.

आणि काठावर कपूरथळ्याच्या राजाचं स्मारक. पंजाबातला राजा रणधीरसिंग १८७० मध्ये विलायतेला निघाला, एडनजवळ वारला आणि त्याचे अंत्यसंस्कार नाशकात झाले. आमच्या गल्लीतली मुलं त्या भागाला नुसतं "कपूरथळा" म्हणतात. ते एका लांबच्या संस्थानाचं नाव आहे हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं.

चौकात जमिनीखाली हौद असतो म्हणतात, तो कुठे दिसतो?

वर्षातले ३६४ दिवस दिसत नाही. त्याला रहाड म्हणतात. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक, तांबट आळी अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावरून नकळत चालत जाता. नाशिककर रंग खेळतात रंगपंचमीला. त्याआधी रस्ता खणून, लाकडी ओंडके बाजूला करून रहाड उघडतात, पूजा करतात, पाण्यात रंग कालवतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग काठावरून धप्पा मारायचा, म्हणजे अशी उडी की पाणी काठावरच्या लोकांना भिजवेल. दुसऱ्या दिवशी रहाड बंद, वर माती, आणि चौकातून पुन्हा रिक्षा धावायला लागतात. त्या दिवशी येणार असाल तर जुने कपडे घाला आणि फोन घरी ठेवा.

खायचं काय आणि कुठे?

सकाळी मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही. कुठली चांगली यावर दोन नाशिककरांचं एकमत होत नाही, तेव्हा जिथे सकाळी आठला बाकावर जागा नसेल तिथे बसा. जुन्या गावात बुधा हलवायाची जिलेबी. संध्याकाळी गंगेवर भेळभत्ता. घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा. जानेवारीपासून पुढे द्राक्षं, ती शेतातून आलेल्या गाडीवरून घ्या आणि आधी एक तोंडात टाकून बघा. विक्रेता नको म्हणाला तर पुढची गाडी.

नदीचं पाणी तीर्थ म्हणून प्यावं का?

मी पीत नाही. वरच्या अंगाला नाल्यांचं पाणी मिसळतं, कधी सगळं पात्र पाणवेलींनी हिरवं होतं. त्यासाठी नाशिकचे लोक उच्च न्यायालयातही गेलेत. शिवाय सिंहस्थाच्या तयारीत पात्राच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं, त्याखाली जुन्या कुंडांचे तळ आणि झरे गेले, आणि मग ते काढा म्हणून पुन्हा भांडावं लागलं. श्रद्धा असेल तर हातावर घेऊन डोळ्यांना लावा. पिण्याची बाटली पिशवीत असू द्या.

सिंहस्थात येऊ का?

कुंभमेळा बघायला या, शहर पायी बघायला नको. गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे साधारण बारा वर्षांनी तो भरतो. मागचा २०१५ मध्ये झाला, पुढच्या पर्वण्या २०२७ मध्ये आहेत. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला स्नान करतात. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरी मंदिर तेव्हाच उघडतं, एरवी बारा वर्षं कुलूप. मात्र २००३ मध्ये पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन शाही स्नानाच्या दिवशी येण्याचा हट्ट धरू नका. सध्या तयारीची कामंही चालू आहेत, एखादी गल्ली खणलेली मिळेल, त्याला इलाज नाही.

बुधवारी आलो तर?

बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो. भाजी, मसाले, कपडे, अवजारं, सगळं गाडगे महाराज पुलाच्या आसपास जमिनीवर मांडलेलं. घाट बघायचा असेल तर बुधवार टाळा. माणसं बघायची असतील तर बुधवारीच या.

तपोवन आणि पांडवलेणी याच फेरीत होतील?

तपोवन काठाकाठाने खाली दोनेक किलोमीटर आहे, कपिला आणि गोदावरीचा संगम तिथेच. पाय कुरकुरत नसतील तर चालत जा. पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.

फोनवरच्या नकाशावर विसंबून फिरलं तर चालेल?

मोठ्या रस्त्यांपुरतं. गल्ल्यांत तो पायऱ्यांना रस्ता समजतो आणि रस्त्याला भिंत. हरवलात तर "खाली गंगेवर कसं जायचं?" एवढंच विचारा. आणि उत्तर देणारे आजोबा जर म्हणाले, "चला, मी त्या बाजूलाच निघालोय," तर त्यांच्याबरोबर जा. बहुधा ते त्या बाजूला निघालेले नसतात. त्यांना वाटेत त्यांची शाळा, ६९ च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ती जागा, आणि आता बंद पडलेलं त्यांच्या वडिलांचं दुकान दाखवायचं असतं.